घोरणे थांबते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. घोरणे ही गाढ झोपेची खूण मानणाऱ्यांशी माझे जुने भांडण आहे. आणि स्लीप ॲप्नियात, म्हणजे झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासाची वाट बंद होण्याच्या विकारात, खरी काळजी तर घोरणे एकाएकी थांबल्यावर सुरू होते.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत एक गृहस्थ झोपेच्या तपासणीसाठी दाखल झाले होते. ते आतल्या खोलीत झोपलेले, मी बाहेर पडद्यासमोर. मध्यरात्रीनंतर त्यांचे घोरणे थांबले. छाती आणि पोट श्वासासाठी झगडत होते, पण नाकाशी लावलेल्या नळीची रेषा सपाट होती. असा खंड १० सेकंदांचा झाला तरी त्याला ॲप्निया म्हणतात; इथे मी ४० मोजले आणि नाडी ७२ वरून ४८ वर आली. मी दाराकडे धावणार, तोच तंत्रज्ञ बाई शांतपणे म्हणाल्या, "बसा डॉक्टर, आता सुटेल." सुटलाही. मोठा घोरका आला, पाय झाडला गेला, नाडी शंभरापुढे गेली. ऑक्सिजनची रेषा मात्र अजून खालीच उतरत होती, कारण फुप्फुसातली बातमी बोटावरच्या यंत्राला उशिरा कळते. मिनिटभरात तोच खेळ पुन्हा सुरू. सकाळी गृहस्थ म्हणाले, "झोप उत्तम लागली, फक्त चारदा लघवीला उठलो."

श्वास अडला की नाडी मंदावते, श्वास सुटला की नाडी धावते, हे ध्यानात ठेवा. मानेतल्या मोठ्या धमनीपाशी असलेल्या संवेदकांना ऑक्सिजन घटल्याचे कळते. मग मेंदूतून हृदयाकडे येणारी व्हेगस चेता (नस) हृदयाला लगाम घालते आणि त्याच वेळी अनुकंपी चेता, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या नसा, रक्तवाहिन्या आवळतात. पाण्यात बुडी मारणाऱ्याच्या शरीरातही असेच घडते. श्वास सुटताच लगाम सैल होतो, हृदय जोराने रक्त ढकलते, पण वाहिन्या अजून आवळलेल्याच असतात, म्हणून रक्तदाब उसळतो. एरवी रात्री १० ते २० टक्के उतरणारा रक्तदाब स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांत बरेचदा उतरत नाही. तरी आपण तो मोजतो दिवसा, तेही जिना चढून आल्याबरोबर, याचे मला नेहमी नवल वाटते.

रोज रात्री हे घडत राहिले, की दाब सावरणारी प्रतिक्षिप्त क्रिया बोथट होते आणि अनुकंपी चेतांचा ताण जागेपणीही उतरत नाही. लघवीचे कोडेही इथेच सुटते: बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीतला दाब घटतो, हृदयाकडे अधिक रक्त येते, त्याचे कप्पे ताणले जातात आणि पाणी जास्त झाले अशा समजुतीने हृदय लघवी वाढवणारे संप्रेरक सोडते.

पुढे त्या गृहस्थांना सीपॅप लावले. मुखवट्यातून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारी ही पद्धत कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातून मांडली. त्या रात्री नाडीची रेषा इतकी एकसुरी होती, की पहाटे पडद्यासमोर मलाच डुलकी लागली.