आडनाव स्पॅनिश, शाळा इंग्लिश: फिलिपिन्सच्या इतिहासातली वळणं

नमस्कार मंडळी. माझी मावसबहीण दावाओला एमबीबीएस करतेय. दावाओ म्हणजे फिलिपिन्स, आपल्याकडची किती तरी मुलं आता तिकडे शिकायला जातात, तुमच्याही ओळखीत कोणीतरी असेलच. तर पहिल्याच महिन्यात तिचा फोन आला, म्हणाली दादा, माझ्या वर्गात सांतोस आहे, रेयेस आहे, गार्सिया आहे, सगळी आडनावं स्पॅनिश, पण स्पॅनिश कोणालाच येत नाही, कॉलेजात सगळे इंग्लिश बोलतात आणि घरी फोन लावला की तिसरीच भाषा. आणि एक गंमत सांगू का, इथे बाजारात चिकूला चिको म्हणतात! हे सगळं काय आहे? मी म्हटलं फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं नाही हे, व्हिडिओच करतो.

(स्क्रीनवर नकाशा)

हे बघा, इकडे व्हिएतनाम, वर तैवान, आणि मधे ही सात हजारांवर बेटं. इथे 1521 च्या मार्चमध्ये मॅगेलन पोचला. माणूस पोर्तुगीज पण नोकरी स्पेनच्या राजाची. सेबू बेटाचा राजा हुमाबोन याच्याशी त्याची दोस्ती झाली, राजाने बाप्तिस्मा घेतला, आणि मग मॅगेलन या नव्या दोस्तासाठी शेजारच्या माकतान बेटावर लढायला गेला. तिथला प्रमुख लापुलापु, त्याच्या माणसांनी 27 एप्रिलला उथळ पाण्यातच त्याला मारलं. जहाजं किनाऱ्यापासून लांब, तोफा पोचेनात, चिलखत घालून गुडघाभर पाण्यात लढायचं, काय होणार दुसरं. आपण शाळेत शिकलो की मॅगेलनच्या मोहिमेने पृथ्वीला पहिली प्रदक्षिणा घातली, ती पुरी केली त्याच मोहिमेतल्या एल्कानोने, व्हिक्टोरिया नावाच्या एकाच जहाजातून, त्यात 18 माणसं परत आली. पण स्पेनला हा देश लगेच मिळाला असं नाही हां. मधे 44 वर्षं गेली, 1565 ला स्पेनतर्फे लेगास्पी आला, आणि 1571 ला त्याने मनिला घेऊन राजधानी केली. देशाचं नाव स्पेनच्या फेलिपे राजावरून. म्हणजे नावापासूनच सुरुवात, आणि नावाकडे मी परत येणारे.

1565 लाच अजून एक गोष्ट झाली, लढाईइतकी गाजत नाही पण माझ्या मते जास्त मोठी. मेक्सिकोहून पश्चिमेला येणं सोपं होतं, वारा पाठीशी असायचा, परत जायचा रस्ता मात्र कोणाला सापडत नव्हता. उर्दानेता नावाचा पाद्री, आधी खलाशी होता, त्याने ओळखलं की आधी वर जपानच्या बाजूला जायचं आणि तिथले पश्चिमेचे वारे पकडायचे. झालं, मनिला ते मेक्सिकोचं आकापुल्को बंदर अशी गलबतं सुरू झाली ती 1815 पर्यंत चालली, 250 वर्षं. जाताना चीनचं रेशीम, येताना अमेरिकेची चांदी. चिकूचं झाड मूळ मेक्सिकोकडचं, ते फिलिपिन्समध्ये याच रस्त्याने आलं, आणि शब्दही मूळ तिकडचाच. आपल्या डहाणू-घोलवडचा चिकू आणि दावाओच्या बाजारातला चिको, नाव एक कारण माहेर एक.

पण ही गलबतं बांधली कोणी? सक्तीचं काम असायचं, पोलो म्हणायचे, 16 ते 60 वयाच्या पुरुषाने वर्षातले 40 दिवस द्यायचे. आपल्याकडच्या वेठबिगारीचाच प्रकार. डोंगरातून अजस्र लाकडं ओढून खाली मनिलाजवळच्या कावितेच्या गोदीत आणायची. शेत तसंच पडलेलं असायचं. चांदी मनिलात यायची, तिथून पुढे चीनला जायची, आणि लाकूड ओढणाऱ्याच्या घरी काहीच यायचं नाही.

मधे एक छोटं वळण, पण आपल्याशी संबंध आहे म्हणून सांगतो. 1762 ला इंग्रजांनी मनिला घेतलं, दोन वर्षं ठेवलं, आणि त्यांच्या फौजेत मद्रासहून नेलेले हिंदी शिपाई होते. त्यातले काही परत आलेच नाहीत, मनिलाजवळच्या कायन्ता गावात राहिले, लग्नं केली, आजही तिथे त्यांचे वंशज आहेत.

आता बहिणीचा पहिला प्रश्न, आडनावं. 1849 साली नार्सिसो क्लाव्हेरिया नावाचा गव्हर्नर होता. त्याची अडचण अशी की कर वसूल करायचा तर माणूस सापडला पाहिजे, आणि इथे बहुतेकांना घराण्याचं असं आडनाव नव्हतं, एकाच घरात बापाचं नाव वेगळं मुलाचं वेगळं, किंवा अर्ध्या गावाने देवाधर्माची तीच तीच नावं घेतलेली. मग त्याने आडनावांची जाडजूड यादीच छापून घेतली, अक्षरांच्या क्रमाने, आणि त्यातली पानं प्रांताप्रांतात वाटली. गावाला एक पान आलं की गावातल्या कुटुंबांनी त्यातूनच आडनाव उचलायचं. त्यामुळे काही गावं अशी झाली की अख्ख्या गावाची आडनावं एकाच अक्षराने सुरू. आल्बाय प्रांतातलं ओआस गाव यासाठी प्रसिद्धच आहे, तिथे जो तो र वरून.

जरा थांबून विचार करा यावर. आपलं आडनाव म्हणजे काय असतं, कोणी सावंतवाडीकर, कोणी कुलकर्णी, कोणी लोहार, त्यात गाव असतं, वतन असतं, धंदा असतो, चार पिढ्यांची ओळख असते. आणि तिकडे एका सरकारी कागदावर बोट ठेवलं आणि दुपारी घरी जाताना अख्खं कुटुंब रेयेस झालं. ज्यांचं आडनाव चार पिढ्या चालत आलेलं होतं त्यांना ते ठेवता येत होतं, पण असे थोडे. म्हणून वर्गातल्या सांतोसला स्पॅनिश येत नाही. त्याच्या घरात बहुधा कधी कोणी स्पॅनिश नव्हतंच, तो फक्त कराच्या वहीत तसा लिहिला गेला.

पुढे 1872. कावितेच्या गोदीतल्या कामगारांना कर आणि सक्तीच्या कामातून सूट होती, नवीन गव्हर्नरने ती काढली, जानेवारीत बंड झालं, दोन दिवसांत मोडलंही. पण सरकारने त्या निमित्ताने तीन फिलिपिनो पाद्री उचलले, गोमेस, बुर्गोस आणि सामोरा. यांची मागणी एवढीच होती की गावची चर्चेस फक्त स्पेनहून आलेल्या पाद्र्यांकडे नको, आम्हालाही द्या. 17 फेब्रुवारीला मनिलात भर मैदानात लोखंडी पट्ट्याने गळा आवळून तिघांना मारलं. त्या वेळी कालाम्बा गावात एक दहा वर्षांचा मुलगा होता, त्याचा मोठा भाऊ बुर्गोसच्या जवळचा. तो मुलगा होसे रिझाल.

रिझाल डोळ्यांचे डॉक्टर झाले, युरोपात राहिले, 1887 ला बर्लिनमध्ये त्यांची पहिली कादंबरी छापली गेली, दुसरी 1891 ला, आणि ती त्यांनी या तीन पाद्र्यांना अर्पण केली. त्यांनी बंदूक कधी उचलली नाही. तरी 30 डिसेंबर 1896 ला त्यांना गोळ्या घातल्या. आदल्या संध्याकाळी आई-बहिणी तुरुंगात भेटायला आल्या, तेव्हा त्यांनी स्पिरिटवरची एक छोटी शेगडी बहिणीला द्यायला सांगितली आणि तिच्या कानात हळूच इंग्लिशमध्ये म्हणाले, आत काहीतरी आहे. पहारेकरी स्पॅनिश, त्यांना इंग्लिश कळत नव्हतं. घरी नेऊन शेगडी उघडली तर आत घडी घातलेला कागद, बारीक अक्षरात लिहिलेली शेवटची कविता. दुसऱ्या दिवशी गोळ्या झाडायला समोर उभे केले ते फिलिपिनो शिपाईच, आणि त्यांच्या मागे बंदुका घेऊन स्पॅनिश शिपाई, म्हणजे कोणी कचरला तर. मला हे वाचल्यापासून त्या पुढच्या रांगेतल्या शिपायांचा विचार डोक्यातून जात नाही.

तोवर लढाई सुरू झालेली होती. आंद्रेस बोनिफासियो, मनिलातल्या तोंदो वस्तीतले, आईवडील लवकर गेले, काठ्या आणि कागदी पंखे विकून भावंडांना वाढवलेला माणूस. 1892 ला त्यांनी कातिपुनान ही गुप्त संघटना काढली, 1896 च्या ऑगस्टमध्ये ती उघडकीस आली तेव्हा लोकांनी सेदुला, म्हणजे कर भरल्याचा दाखला, जो खिशात ठेवावाच लागायचा, तो सगळ्यांसमोर फाडला. बंडाची सुरुवात कागद फाडून, कारण छळ कागदातूनच व्हायचा. आणि पुढच्या मार्चमध्ये तेहेरोसला क्रांतिकारकांचीच सभा भरली, काविते भागातले पुढारी आगिनाल्दो अध्यक्ष निवडून आले, बोनिफासियोंना गृहखातं मिळालं, तर एकजण उठून म्हणतो या पदाला वकील हवा. ज्या माणसाने संघटना उभी केली त्याला! बोनिफासियोंनी पिस्तूल काढलं, सभा उधळली, आणि 10 मे 1897 ला आगिनाल्दोंच्याच सरकारच्या शिक्षेने त्यांना डोंगरात मारण्यात आलं. इथे माझं मत स्पष्ट आहे, ही त्या क्रांतीला झालेली सगळ्यात खोल जखम.

आता 1898. हे नीट ऐका. क्युबावरून अमेरिका आणि स्पेनचं युद्ध लागलं, 1 मे ला अमेरिकन आरमाराच्या ड्युईने मनिलाच्या खाडीत स्पॅनिश आरमार बुडवलं. स्पेनशी तडजोड करून हाँगकाँगला गेलेले आगिनाल्दो परतले, 12 जूनला काविते प्रांतातल्या काविट गावात स्वातंत्र्य जाहीर केलं, फिलिपिनो फौजेने मनिला चारी बाजूंनी घेरलं, शहराचं पाणी तोडलं. जुनं मनिला म्हणजे इंत्रामुरोस, तटबंदीच्या आतलं शहर, 300 वर्षं जिथून हुकूम सुटले ते. आता फक्त आत शिरायचं बाकी.

आणि इकडे काय चाललंय? स्पॅनिश गव्हर्नर हाउदेनेस आणि अमेरिकन सेनापती बेल्जियमच्या कॉन्सुलमार्फत बोलणी करतायत. ठरलं असं की खोटी लढाई करायची. स्पेनला लढल्यासारखं दिसायला हवं म्हणजे अब्रू राहते, मग पांढरं निशाण, शहर अमेरिकेच्या ताब्यात, आणि अट एकच, फिलिपिनो फौज आत येता कामा नये. 13 ऑगस्टला तसंच झालं. लढाई खोटी पण त्यातही माणसं मेली. स्पेनचा झेंडा उतरला, अमेरिकेचा चढला, आणि ज्यांनी वेढा घातला ते बाहेरच. शिवाय त्याच्या काही तास आधी वॉशिंग्टनमध्ये युद्धबंदीवर सह्या झालेल्या होत्या, म्हणजे लढाईच नको होती, पण समुद्राखालची तार ड्युईने मे महिन्यातच तोडलेली, त्यामुळे बातमी पोचली तीन दिवसांनी.

डिसेंबरमध्ये पॅरिसला तह झाला. 2 कोटी डॉलरला फिलिपिन्स अमेरिकेला. फेलिपे आगोन्सियो हा फिलिपिनो वकील तिथे पोचला होता, त्याला बैठकीत घेतलंच नाही. मला विचाराल तर या देशाचं सगळ्यात मोठं वळण 13 ऑगस्टच. दोघांनी मिळून तिसऱ्याला त्याच्याच घराबाहेर उभं केलं, आणि पुढचं सगळं त्यातून आलं.

4 फेब्रुवारी 1899 ला युद्ध पेटलं, आता अमेरिकेशी. वीस हजारांवर फिलिपिनो सैनिक मेले, आणि उपासमार, कॉलरा, जाळपोळ यात सामान्य माणसं दोन लाखांपर्यंत. 28 सप्टेंबर 1901 ला सामार बेटावर बालान्गिगा गावच्या लोकांनी तिथल्या अमेरिकन तुकडीवर सकाळी जेवणाच्या वेळी हल्ला केला, 48 शिपाई मेले. मग जनरल जेकब स्मिथने हुकूम दिला, दहा वर्षांवरचा जो हत्यार धरू शकेल तो मारा. पुढे त्याच्यावर लष्करी खटला चालला, शिक्षा काय तर निवृत्ती. आणि जाताना अमेरिकन सैनिकांनी त्या गावच्या चर्चच्या तीन घंटा नेल्या.

त्याच वर्षी थॉमस नावाच्या जहाजातून अमेरिकेहून शेकडो शिक्षक आले. शाळा उघडल्या, माध्यम इंग्लिश. म्हणून माझ्या बहिणीला आज दावाओत इंग्लिशमधून मेडिकल शिकता येतं. हो, शाळेचा फायदा झालाच, ते मी नाकारत नाही, पण त्या शाळा कोणत्या काळात उघडल्या तेही सांगितलं पाहिजे.

पुढचं भराभर. जपान 1941 ला आला, 1945 ला मनिला परत घेताना महिनाभराच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक गेले. 4 जुलै 1946 ला स्वातंत्र्य मिळालं, तारीखही अमेरिकेचीच. 1962 ला फिलिपिन्सने ती बदलली आणि स्वातंत्र्यदिन 12 जून केला, आगिनाल्दोंनी जाहीर केला होता तो. आम्हाला तुम्ही दिलं नाही, आम्ही आधीच घेतलं होतं, असं म्हणणं होतं ते. मधे मॅगसेसे राष्ट्राध्यक्ष झाले, 1957 ला विमान अपघातात गेले, त्यांच्याच नावाचा पुरस्कार पहिल्याच वर्षी विनोबांना आणि पुढे बाबा आमटेंना मिळाला. 1972 ला राष्ट्राध्यक्ष मार्कोसने लष्करी कायदा लावला, आणि 1986 च्या फेब्रुवारीत चार दिवस लाखो माणसं मनिलाच्या एका हमरस्त्यावर रणगाड्यांसमोर बसली, नन जपमाळा घेऊन, बायका सैनिकांना जेवण देत, आणि मार्कोस देश सोडून गेला. 2022 ला त्याचाच मुलगा निवडून आला, त्याच्यावर वेगळा व्हिडिओ लागेल.

त्या घंटांचं राहिलं. आपल्याला घंटांचा असा प्रवास माहीत आहे, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या, नाशिकच्या नारोशंकराची घंटा तुम्ही पाहिली असेल. बालान्गिगाच्या दोन घंटा अमेरिकेत वायोमिंगच्या लष्करी तळावर होत्या, एक दक्षिण कोरियात अमेरिकन रेजिमेंटकडे. फिलिपिन्सने कित्येक वर्षं त्या मागितल्या. डिसेंबर 2018 ला लष्करी विमानाने तिन्ही मनिलाला उतरल्या, आणि चार दिवसांनी बालान्गिगाला पोचल्या, 117 वर्षांनी. नाताळच्या आधी तिकडे नऊ दिवस पहाटेची प्रार्थना असते, ती दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायची होती. त्याच्या आत गावात घंटा वाजल्या होत्या.