सही कोणाची होती?

(दृश्य: भांडुप स्टेशन, तिकीट खिडकीबाहेरची रांग)

ऑगस्ट २०२१, सकाळचे साडेसात. माझे बाबा भांडुप स्टेशनवर तिकीट खिडकीच्या अलीकडे मांडलेल्या टेबलासमोर उभे आहेत, हातात आधार कार्ड आणि चार घड्या पडलेली कोविड लसीच्या सर्टिफिकेटची प्रिंट. टेबलावर महापालिकेची माणसं बसलीयेत. दोन डोस झालेत का, दुसऱ्याला १४ दिवस झालेत का एवढं बघायचं, शिक्का मारायचा, मग त्या शिक्क्यावर खिडकीत लोकलचा महिन्याचा पास मिळणार. बाबांचा एकच डोस झालेला, आणि कोविशिल्डचा दुसरा तेव्हा ८४ दिवसांशिवाय मिळतच नव्हता, कितीही घाई केली तरी. "काका, दुसरा झाला की या," टेबलावरची मुलगी म्हणाली. तिची काहीच चूक नव्हती, तिला आलेल्या आदेशात तसंच लिहिलेलं. बाबा बस बदलत बदलत लोअर परळला गेले आणि दीड महिना तसेच जात राहिले.

तो आदेश कुठून आला, कोणी काढला, कुठल्या अधिकारात काढला, हे मला तेव्हापासून समजून घ्यायचं होतं.

(दृश्य: मांडवी, मशीद बंदरच्या जुन्या गल्ल्या)

सुरुवात आपल्याच शहरात होते. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये इथे मांडवीत डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रज सरकारने साथरोग कायदा पास केला. जेमतेम चार कलमांचा कायदा. सार इतकंच की साथ आली आणि नेहमीचे कायदे पुरे पडत नसले तर सरकारला योग्य वाटतील ते तात्पुरते नियम करता येतील, मोडले तर शिक्षा, आणि अंमलबजावणी करणाऱ्यांनी चांगल्या हेतूने केलं असेल तर त्यांच्यावर केस नाही. त्या जोरावर घरात शिरून पेशंट उचलून नेले, चाळींच्या भिंतींवर राहायला अयोग्य अशी खूण रंगवली. पुण्यात रँडच्या वेळी काय झालं ते आपण शाळेतच शिकलोय.

तोच कायदा १३ मार्च २०२० ला महाराष्ट्राने लागू केला आणि १४ मार्चला कोविडची नियमावली काढली. त्याच दिवशी मुंबईत विधिमंडळाचं बजेट अधिवेशन आठवडाभर आधीच गुंडाळलं गेलं. साथीत शेकडो माणसं एका सभागृहात बसवणं बरोबर नव्हतंच, ते मला पटतं. पण नियम सुरू झाले आणि ज्यांनी उभं राहून प्रश्न विचारायचे ते त्याच दिवशी घरी गेले, हे आपल्या कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसरा अधिकार पोलिसांचा, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १४४. आपण जमावबंदी म्हणतो ती, आणि फार झालं तर संचारबंदी. तो आदेश एका वेळी दोन महिनेच चालायचा, पुढे वाढवायचा तर राज्य सरकारला वाढवावा लागायचा. तिसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. यात मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य प्राधिकरण असतं आणि त्याच्या खाली मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची राज्य कार्यकारी समिती. 'मिशन बिगिन अगेन', 'ब्रेक द चेन' वगैरे जे आदेश आपल्या फोनवर रात्री दहा-अकराला पीडीएफ म्हणून येऊन पडायचे ना, त्यांच्याखाली सही मुख्य सचिवांची. मग त्यावर महापालिका आयुक्तांचं परिपत्रक, मग पोलिसांचा आदेश, मग रेल्वेचं वेगळंच काहीतरी, आणि सोसायटीच्या ग्रुपवर सगळे एकमेकांना विचारतायत की उद्या दुकान किती वाजेपर्यंत.

घाईत काढलेला नियम चुकतो, ते मी समजू शकते. एप्रिल २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी गाड्यांना लाल, हिरवे, पिवळे स्टिकर लावायला सांगितले आणि आठवड्याच्या आत ते बंदही केले. चुकलं, मागे घेतलं, संपलं. जूनमध्ये एका मंत्र्यांनी पत्रकारांसमोर अनलॉकचे पाच टप्पे जाहीर केले, त्याच संध्याकाळी सरकारने सांगितलं की अजून विचार चालू आहे, आणि दुसऱ्या दिवशी रात्री खरा आदेश आला. मधल्या चोवीस तासात आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याने शटर अर्धं वर करून परत खाली घेतलं होतं. दोन महिन्यांचं भाडं थकलेलं त्याचं.

आणि याच अधिकाराने माणसं वाचलीसुद्धा, ते सांगितलंच पाहिजे. २१ मे २०२० च्या आदेशाने खाजगी हॉस्पिटलमधल्या ८० टक्के बेडचे दर सरकारने बांधून दिले, साध्या वॉर्डला दिवसाला ४००० रुपये, आयसीयूला ७५००, व्हेंटिलेटर असेल तर ९०००. आमच्या चाळीतले एक काका त्या दरात घरी परत आले. नेहमीच्या पद्धतीने कायदा करत बसले असते तर तो येईपर्यंत पहिली लाट ओसरली असती. त्यामुळे मला नियम नको होते असं नाही.

(दृश्य: मुंबई उच्च न्यायालयाची इमारत, बाहेरून)

मला हवंय ते इतिवृत्त. कोण बसलं, कशावर बोललं, का ठरवलं, याचा कागद. दोन डोसशिवाय लोकल नाही, या अटीविरुद्ध जनहित याचिका झाल्या आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारकडे तोच कागद मागितला. जुलै-ऑगस्ट २०२१ च्या त्या आदेशांवर तेव्हाच्या मुख्य सचिवांची सही होती, पण कार्यकारी समितीच्या बैठकीची नोंद समोर आलीच नाही. नियम असा की अगदी निकड असेल तर अध्यक्ष एकटेही ठरवू शकतात, पण कारणं लिहून ठेवायची आणि नंतर समितीसमोर ठेवायचं. ते झालेलं नाही, हे कायद्याच्या प्रक्रियेला धरून नाही, असं कोर्टाने सुनावलं. लस चांगली की वाईट हा मुद्दाच नव्हता. १ मार्चला सरकारने नवी नियमावली काढली, दोन डोसची अट तिच्यातही होती, आणि महिन्याभराने गुढीपाडव्याला सगळेच निर्बंध उठले.

ती कोर्टाची बातमी बाबांनी लोकलमध्ये वाचली. तोपर्यंत दुसरा डोस, शिक्का, पास सगळं झालेलं होतं. घरी येऊन पेपर माझ्यासमोर ठेवला, बोट त्या ओळीवर, आणि विचारलं, "म्हणजे माझ्याबद्दल ठरवलं तेव्हा तिथे कोणी बसलंच नव्हतं का?"