सोपाऱ्याचा शिलालेख

काळा घोडा परिसरातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरणाऱ्याची नजर आधी घुमटाकडे जाते, आणि ते रास्तच आहे. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही वास्तू १९१४ मध्ये पुरी झाली, पहिल्या महायुद्धात ती लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि १९२२ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. आपल्याला मात्र घुमटाखाली फार रेंगाळायचे नाही.

आपण पाहणार आहोत तो एक फुटका दगड. शिल्पांच्या गर्दीत तो सहज नजरेआड होतो, कारण त्याच्यावर ना देव आहे, ना यक्षी. आहेत त्या ब्राह्मी लिपीतील प्राकृत भाषेच्या काही त्रुटित ओळी. पुरातत्त्वज्ञ पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात, मिळालेला हा सम्राट अशोकाने ठिकठिकाणी कोरविलेल्या राजाज्ञांपैकी आठव्या शिलालेखाचा अंश. गिरनारसारख्या ठिकाणच्या अखंड प्रती शेजारी ठेवल्या की त्याचा आशय उलगडतो: पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधगयेला गेला आणि श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन, वृद्धांना दान, खेड्यापाड्यांतील लोकांशी धर्मविषयक बोलणे अशी धर्मयात्रा त्याने सुरू केली. नवव्या लेखाचा तुकडा पुढे १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावात सापडला.

राजाज्ञा कोरायची तर ती वर्दळीच्या जागी, आणि शूर्पारक, म्हणजे प्राचीन सोपारा, हे तसे बंदर होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव येते. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने तेथे धर्मशाळा बांधल्याची नोंद नाशिकच्या लेण्यांत आहे. मुंबईची हकीकत सात बेटे आणि पोर्तुगीजांच्या आंदणापासून सुरू करण्याची आपली सवय या दगडापुढे जरा आळशीच वाटते.

सोपाऱ्याचा सगळा ऐवज मात्र येथे नाही. तेथील ‘बुरूड राजाचा कोट’ नावाच्या जागेतील स्तूप भगवानलालांनी १८८२ मध्येच उकलला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ती, सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे निघाले. ते अवशेष हॉर्निमन सर्कलजवळच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, आणि स्तूप नालासोपाऱ्यात.