मावशी रजेवर गेल्या की ब्युरो कळतो

नमस्कार मंडळी. बाथरूममधल्या आधाराच्या दांड्यांवरचा व्हिडिओ टाकला आणि खाली निम्म्या प्रतिक्रिया एकाच प्रश्नाच्या आल्या. "ताई, दांड्या लावल्या. आता आईजवळ बसायला माणूस कुठून आणू? ब्युरो चांगला आहे हे कळायचं कसं?" ब्युरो म्हणजे आजारी, म्हाताऱ्या माणसांना घरी सांभाळायला मावशी पाठवणारी संस्था. आज तेवढंच बोलू.

रोजचं आधी पटापट उरकते. आधार कार्ड, फोटो, पोलिस व्हेरिफिकेशनचा कागद, मावशींच्या घरच्यांचा एक नंबर. बारा तास की चोवीस, जेवण कुणाकडे, सुट्टी कोणत्या वारी. सगळं लिहून घ्यायचं. यात नवीन काही नाही, पुढे जाऊ.

थांबा, एका शब्दावर मात्र मला बोलायचंच आहे. "रजिस्टर्ड." फोन उचलल्या उचलल्या ऐकवतात, "आमचा ब्युरो रजिस्टर्ड आहे मॅडम." अहो, पण कशाखाली? विचारलं की बहुतेक वेळा शॉप ॲक्टचा, म्हणजे दुकान-नोंदणीचा, कागद निघतो. तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही असतो! त्यावरून तुमच्या वडिलांची कूस नीट बदलली जाईल की नाही, हे कसं कळणार? ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा कायदा आहे. त्याच्या 2019 च्या दुरुस्ती विधेयकात घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी होती, पण ते मंजूर झालंच नाही. त्यामुळे तपासणी आपल्याच गळ्यात. "नर्स पाठवतो" म्हणाले तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. नर्सिंगमध्ये एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स असतो, जीएनएम तीन वर्षांचा. मावशी नर्स नसतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण म्हणूनच इन्सुलिन टोचणं, कॅथेटर बदलणं ही कामं त्यांच्या अंगावर ढकलायची नाहीत.

आता मुख्य मुद्दा. बदली. नेहमीच्या मावशी येत नाहीत त्या दिवशी कोण येतं?

माझी आत्या सदाशिव पेठेत राहते. पक्षाघातानंतर तिची डावी बाजू कमजोर आहे. तिच्या मावशी म्हणजे सोनं! विसर्जनाच्या दिवसाची रजा त्यांनी आठवडाभर आधी सांगितली होती. पहाटेपर्यंत थांबून, सकाळची गोळी देऊन सहाला गेल्या. बदलीच्या बाई हडपसरहून निघाल्या. लक्ष्मी रस्ता बंद, टिळक रस्ता बंद, केळकर रस्ता बंद. बिचाऱ्या स्वारगेटला उतरून चालत आल्या, पोचेपर्यंत अकरा वाजले. आल्या आल्या कामाला लागल्या. डबीतली बीपीची गोळी दिसली, दिली. म्हणजे दुसऱ्यांदा! मग आत्याला उठवताना डावा हात धरून ओढला. आत्याला चक्कर आली, नशीब की भाऊ शेजारी उभा होता. खांदा पुढे तीन आठवडे दुखत होता. ब्युरोला फोन केला तर उत्तर काय? "मावशींनी सांगायला हवं होतं." कोणत्या मावशींनी हो? ज्या गेल्या त्यांनी, की ज्यांना कुणी काही सांगितलंच नाही त्यांनी?

त्या बाईंवर माझा राग नाही. राग आहे तो रिकामी जागा भरली की काम झालं असं समजणाऱ्यावर.

म्हणून पहिल्याच फोनवर, दर विचारायच्याही आधी विचारा: "बदली कोण येणार? नाव सांगा." "कोणीतरी पाठवतो की" असं उत्तर आलं तर समजून घ्या. चांगला ब्युरो म्हणतो, "या भागात आमच्या दोघी-तिघी आहेत, एकीला आधीच तुमचं घर दाखवून ठेवतो."

तोच प्रश्न करारात शोधा. तिथे लिहिलेलं असतं, "चोवीस तासांत बदली दिली जाईल." वाचायला छान वाटतं. पण ज्यांना स्वतःला उठता येत नाही, त्यांनी चोवीस तास काय करायचं? दर दोन तासांनी कूस बदलायची तर त्या चोवीस तासांत बारा वेळा कोण बदलणार, ते तिथेच लिहून घ्या.

आणि तिसरं, जे लोक करतच नाहीत: रंगीत तालीम. पहिल्या पंधरवड्यात, तुम्ही घरी असाल असा एक साधा दिवस निवडा. नेहमीच्या मावशी असतानाच बदलीच्या बाईंना बोलवा. दोघींचे पैसे द्या. हो, दोघींचे! पुणेकरांना हे जड जाईल, मीही पुणेकरच आहे. मग खुर्ची ओढून गप्प बसा. बाई आधी रोजच्या नोंदींची वही वाचतात की थेट कामाला लागतात? पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना आधी ब्रेक लावतात का? काखेत हात घालून उचलतात की कमरेशी आधार देतात? कमजोर हाताला काय करतात? आणि एक प्रश्न विचारा, "आजी पडल्या तर आधी काय कराल?" "लगेच उचलून बसवीन" हे उत्तर चुकीचं आहे. कुठे दुखतंय, पाय वाकडा दिसतोय का, शुद्ध आहे ना, हे आधी पाहायचं. मग फोन. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला लागलं असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना. 108 हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवा.

वहीचा विषय निघालाच आहे तर सांगते. एका प्रेक्षक काकांनी वहीच्या पानाचा फोटो पाठवला, कौतुकाने. महिनाभराचं बीपी, रोज 120/80. काका, इतकं शिस्तीचं बीपी शाळेत असताना माझंही नव्हतं! सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात, म्हणजे रात्री बसून भरलेली वही. खऱ्या वहीत खाडाखोड असते, चहाचा डाग असतो, एखाद्या दिवशी "औषध थुंकलं" असं असतं.

आता कॅमेरा. "कॅमेरा लावा, काम संपलं" असं किमान वीस जणांनी लिहिलंय. लावा, पण मावशींना सांगून लावा, आणि अंग पुसायच्या, कपडे बदलायच्या जागी नको. आजींनाही लाज आहे. शिवाय कॅमेऱ्याला टाच दिसत नाही. आठवड्यातून एकदा स्वतः पाहा: टाचा, माकडहाड, कमरेची बाजू. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. लाली तशीच राहिली तर ती जखमेची सुरुवात आहे. तिथे चोळायचं नाही, त्या बाजूवर झोपवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते बघायचं.

अमेरिकेतल्या बे एरियातल्या एका ताईंचा प्रश्न: "महिन्याला किती घेतात?" त्याच्या जोडीला आणखी एक विचारा, त्यातले मावशींच्या हातात किती पडतात? अर्धे ब्युरोतच अडकत असतील तर मावशी दोन महिन्यांत दुसरं घर शोधणार, आणि तुम्ही परत बदलीच्या बाईंची वाट बघणार. आणि "मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवू का?" असं विचारणाऱ्या बाईंना उत्तर खाली दिलंय, सौम्य शब्दांत. इथे कॅमेऱ्यासमोर दिलं असतं तर सौम्य राहिलं नसतं.

वहीचा नमुनाही खाली ठेवलाय. रकाने सहा: वेळ, औषध, खाणं-पिणं, लघवी-शौच, कूस, आणि कोणी लिहिलं. सातवा "शेरा" म्हणून रकाना आखू नका. आत्याच्या वहीत आखला होता, तीन महिने त्यात एकच शब्द आहे: ठीक.