गोऱ्ह्याचं काय करायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्याली की साधारण निम्म्या वेळा गोऱ्हा होतो. कालवड म्हणजे उद्याची गाय. पण दुधाळ जातीच्या गोऱ्ह्याचं करायचं काय? तो दूध देणार नाही आणि मांसासाठीच्या जातींसारखा अंगानं भरणारही नाही. युरोप-अमेरिकेतल्या दूधधंद्यानं यावर जो मार्ग काढला, त्याचं नाव 'व्हील', म्हणजे कोवळ्या वासराचं मांस.

वासराला बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच आईपासून तोडतात. चीक पाजला की पुढे आईचं दूध नाही. साय काढलेल्या दुधाची किंवा चीज करताना उरलेल्या निवळीची भुकटी, त्यात वेगळी चरबी घालून कोमट पाण्यात कालवायची, हेच त्याचं जेवण. दूधधंद्याचंच वासरू, दूधधंद्याच्याच उरल्यासुरल्यावर पोसलेलं!

खरी गोम आहे रंगात. पारंपरिक व्हील जितकं फिकं तितकं चांगलं, असं बाजार मानतो. मांसाला लाली येते स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनामुळे आणि ते बनायला लोह लागतं. दुधात लोह अगदी थोडं. चारा खाल्ला तर मांस लाल होणार, म्हणून चाराच तोडायचा. पण दोन-तीन आठवड्यांचं वासरू गवताच्या काडीला तोंड लावतंच. त्या काडीनंच त्याचं कोठीपोट, म्हणजे चारा मुरवणारं मोठं पोट, वाढीला लागतं, रवंथ सुरू होतो. नुसत्या दुधावरचं वासरू वजनानं दांडगं होतं, पोटानं मात्र तान्हंच राहतं. चघळायला काही नाही, मग नुसतीच जीभ वळवत राहतं.

पूर्वी तर त्याला वळताही येणार नाही अशा अरुंद कप्प्यात ठेवायचे. ब्रिटननं ते १९९० मध्ये बंद केले. युरोपीय संघात २००७ पासून आठ आठवड्यांवरच्या वासराला एकटं कोंडता येत नाही. मुसकं घालायचं नाही, हेही तिथल्या नियमात आहे. दोन आठवड्यांनंतर रोज थोडा तंतुमय चारा द्यावाच लागतो. आठव्या आठवड्यापासून विसाव्यापर्यंत तो ५० ग्रॅमवरून २५० ग्रॅमवर न्यायचा. लोह तोडल्यानं वासरांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन सरासरी लिटरमागे ४.५ मिलिमोलच्या खाली जाऊ द्यायचं नाही, असंही त्यात लिहावं लागलं आहे. फिकेपणाची हाव कुठवर जाते, ते यावरून कळतं.

ब्रिटनमध्ये चारा खाऊन वाढलेल्या वासरांचं मांस 'रोझ व्हील' म्हणून विकतात. रंग गुलाबी. हे गोऱ्हे पेंढ्यावर, चार सोबत्यांत राहतात, रवंथ करतात; आणि वर्षाच्या आत कत्तलखान्यात जातात.