रिमोटच्या गाडीची पुढची चाकं

मंडळी, टेबलावर रिमोटच्या दोन गाड्या आहेत. दोन्ही १:१६ मापाच्या. म्हणजे खरी गाडी साडेचार मीटरची असेल, तर ही साधारण २८ सेंटिमीटर. दोन्ही सारख्याच चकचकीत, दोघींची दारंही रिमोटवर उघडतात. क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत मुलं या दारांवरच भाळतात. आपण पुढची चाकं बघू.

ही पहिली. उचलून धरली आणि डावीकडचं बटण अगदी हलकं दाबलं. टक! चाकं थेट टोकापर्यंत वळली. बटण सोडलं, स्प्रिंगने सरळ झाली. मधलं काही नाही. आत चिमुकली मोटर किंवा कॉइल आणि लोहचुंबक असतो, त्याला डावं, उजवं आणि सरळ एवढंच कळतं. अशी गाडी अरुंद गॅलरीतून सरळ नेऊन दाखवा! सारखी भिंतीला घासते.

दुसरीच्या रिमोटवरची चक्री थोडी फिरवली, चाकं थोडीच वळली आणि तिथेच थांबली. हिच्यात सर्व्हो आहे, म्हणजे सांगू तेवढंच वळून थांबणारी मोटर. चाक कुठवर आलं हे मोजणारा पोटेन्शिओमीटर त्याच्या पोटात असतो. याला प्रपोर्शनल कंट्रोल म्हणतात. पण रिमोटला चक्री दिसली म्हणून फसू नका, स्वस्त रिमोटमध्ये चक्रीखाली नुसती दोन बटणं असतात. वेगाचंही तेच. ट्रिगर हळूच दाबला तर गाडी रांगली पाहिजे, उडी मारता कामा नये.

खोक्यावर वेग मोठा छापलेला असतो. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. दहा बाय दहाची खोली सेकंदभरात संपते, पुढे कपाट. घरात खेळायचं असेल तर सावकाश चालणारी घ्या, पळणारी गच्चीसाठी. टायर नखाने दाबून पाहा. कडक प्लास्टिकचे असतील तर गुळगुळीत फरशीवर घसरणारच.

आता रेडिओ. जुन्या पद्धतीच्या गाड्या २७ मेगाहर्ट्झवर चालतात. चाळीत एकाच वारंवारितेच्या दोन गाड्या सुरू झाल्या, की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळते. २.४ गिगाहर्ट्झची गाडी आपल्या रिमोटशी जोडी जमवते, त्यामुळे हा घोळ होत नाही. दुकानातच गाडी चालू असताना रिमोट बंद करून पाहा. चांगली गाडी लगेच थांबते, वाईट गाडी शेवटचा हुकूम पाळत धावत राहते.

रेंज अचानक कमी झाली, तर आधी रिमोटचे सेल बदला. तरीही कमीच, तर मोटरच्या दोन टोकांवर '१०४' लिहिलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर आहे का पाहा. मोटरच्या आतल्या ब्रशच्या ठिणग्यांनी रेडिओत होणारा अडथळा रिसीव्हरपर्यंत जाऊ नये म्हणून तो लावतात. काही कंपन्या चार आणे वाचवायला तोच गाळतात. लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशांत मिळतो.

बॅटरीत मात्र हलगर्जीपणा नको. ३.७ व्होल्टची लिथियम आणि ४.८ व्होल्टची निकेल-कॅडमियम, दोघींचे प्लग बऱ्याचदा एकसारखेच असतात. निकेलची यूएसबी चार्जिंग वायर लिथियमला लावली, तर बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होऊन फुगते, पेटूही शकते. वायरवर चिठ्ठी चिकटवून ठेवा. ५०० एमएएचची (मिलीअँपिअर-तासांची) बॅटरी दीड अँपिअर खेचणारी मोटर २० मिनिटं चालवते. टोकाला वळणाऱ्या गाड्यांत वळणाचं बटण दाबून धरलं, तर स्टिअरिंगची मोटर अडकून नुसती वीज खाते आणि तापते.

खोक्यावर आयएसआय खूण हवीच. १ जानेवारी २०२१ पासून ती खेळण्यांना सक्तीची आहे, आणि विजेच्या खेळण्यांचं मानक आयएस १५६४४. खुणेसोबतचा सीएम/एल, म्हणजे परवान्याचा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला, की परवाना कोणाचा ते दिसतं. ही हमी सुरक्षिततेची, स्टिअरिंगची नव्हे.

मोटर घूं घूं करते पण चाकं फिरत नाहीत? बहुधा मोटरच्या दांड्यावरचा प्लास्टिकचा छोटा गिअर तडकलाय. दात मोजून पितळी बसवा. गाडी आपोआप एका बाजूला ओढली जाते? पुढच्या चाकांमागे, पोटाखाली बारीक पट्टी असते, ती उलट्या बाजूला सरकवा. आणि मागच्या आसावर गुंडाळलेले केस काढा, कित्येक 'बिघडलेल्या' गाड्या तेवढ्यानेच चालतात.

पावसाळ्यात सेल आत विसरलात, तर स्प्रिंगवर पांढरी भुकटी जमते. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, नीट वाळू द्या, मग बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि नंतरच नवे सेल घाला.