मनगट सोडवण्याचा सराव नेमका कशासाठी?

(दृश्य: जळगाव. शाळेचं मैदान. मुलींच्या दोन रांगा समोरासमोर.)

मे महिन्यात जळगावचा पारा ४४ अंशांच्या पलीकडे जातो. त्यामुळे कराटेचा वर्ग भरतो तो ऊन उतरल्यावरच.

एक मुलगी मनगट धरते. दुसरी कोपर आत घेते, हात वळवते, सुटते. पुन्हा धरते, पुन्हा सुटते. कट्ट्यावर बसलेल्या पालकांना प्रश्न पडतोच: रस्त्यावर कुणी असा हात धरून गुमान उभा राहणार आहे का?

नाही राहणार. सरांनाही ते ठाऊक आहे. ही मारामारीची रंगीत तालीम नाहीच.

(दृश्य: मनगटावरची पकड, जवळून.)

पकडीत चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला एकटा. पकड कच्ची तिथेच, म्हणून हात त्या फटीकडे वळवायचा. नुसत्या दंडाच्या जोरावर ओढाओढ केली, तर ज्याचं बळ जास्त तो जिंकणार. कंबर वळली, पाऊल सरकलं, की सगळ्या अंगाचं वजन कामाला येतं. शिकायचं असतं ते हे: तोल, अंतर, पाऊल. मनगट हे निमित्त.

(दृश्य: गावचा आखाडा, लाल माती.)

खान्देशात यात्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. वस्ताद डाव घोटवून घेतो, तेव्हा जोडीदार आधी अंग सैल सोडतो. मग थोडा अडवतो. मग खरी झटापट. जपानमध्ये १८८२ साली ज्युडोची सुरुवात करणाऱ्या जिगोरो कानो यांनीही असाच मार्ग काढला. जीवघेणे डाव त्यांनी 'काता'त, म्हणजे ठरलेल्या क्रमाच्या सरावात ठेवले. उरलेले 'रांदोरी'त, म्हणजे मोकळ्या झटापटीत, पूर्ण जोर लावून करायला दिले.

घोळ होतो तो पहिल्याच पायरीवर मुक्काम ठोकल्याने. पट्ट्याचा रंग बदलतो, जोडीदार मात्र सैलच राहतो. एका दिवसाच्या शिबिरात वीस डाव दाखवण्याची हौस तर त्याहून वाईट. ऐन वेळी त्यातला एकही आठवत नाही.

(दृश्य: मैदान. आता पकड मागून.)

इथे सर सराव अवघड करत नेतात. डोळे मिटलेले, कुणी मागून धरतं, कुणी धरून फरफटत नेतं. कानाशी ओरडून विचारतात, "आते काय करशी?" मुलगी क्षणभर गोठते. ते गोठणं इथे, ओळखीच्या माणसांत होऊन गेलेलं बरं.

सुटल्यावर ठोसा मारायला थांबलेल्या मुलीला सर परत रांगेत पाठवतात. भारतीय न्याय संहिता स्वसंरक्षणाचा हक्क देते, पण बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची मुभा देत नाही. म्हणून इथे सरावात सुटका झाली की मोठ्याने ओरडायचं, फाटकापर्यंत धावायचं आणि ११२ लावायचा.